रॅमसे यांची नळकांडे आणि नाणी : सरावाची नोंद

स्कॉटिश जादूगार जॉन रॅमसे यांच्या नळकांडे-नाण्यांच्या जादूच्या रूटीनमध्ये (ठरावीक क्रमाने करायच्या प्रयोगात) चारही नाणी गायब करण्याचा टप्पा आता न अडखळता जमू लागला आहे. ज्यांनी हा प्रयोग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चामड्याचे एक लहान नळकांडे, एक बूच आणि चार नाणी एवढेच साहित्य असते. बूच नळकांड्याखाली झाकले जाते, नाणी हातातून एकेक करून नाहीशी होतात, नळकांडे उचलल्यावर बुचाच्या जागी नाण्यांची चळत दिसते आणि शेवटी सारे पुन्हा मूळ जागी परतते.

रॅमसे (१८७७–१९६२) हे स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील एअर या गावचे. त्यांचा व्यवसाय किराणा दुकानाचा, आणि तरीही त्या काळचे नामवंत व्यावसायिक जादूगार त्यांच्या हाताकडे टक लावून पाहत बसत आणि फसत. जादूविषयक लेखक व्हिक्टर फारेली यांनी १९४८ मध्ये हे रूटीन पुस्तिकेच्या रूपात मांडले. पुढे रॅमसे यांचे शिष्य अँड्र्यू गॅलोवे यांनी गुरूचे उरलेले काम १९६९ पासून अनेक पुस्तकांतून नोंदवून ठेवले, म्हणूनच आज आपल्याला एवढे तपशील मिळतात.

नाण्यांबाबत एक सूचना. रॅमसे यांच्या काळातील हाफ-क्राउन हे ब्रिटिश नाणे सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचे होते, तर आपले दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे असल्याने तळहातात धरताना फार लहान पडते. मी जुने राजाछाप चांदीचे रुपये वापरतो. त्यांचा व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास, वजन ११.६६ ग्रॅम, आणि कडेवरील खाचांमुळे पकडही चांगली बसते. (चांदीचा भाव पाहता सरावाखाली जाड सतरंजी हवीच.)

बोटांपेक्षा अधिक वेळ नजरेवर जातो आहे. प्रेक्षकाने एखाद्या वस्तूकडे पाहावे असे वाटत असेल तर आपण त्या वस्तूकडे पाहावे, आणि त्याने आपल्याकडे पाहावे असे वाटत असेल तर आपण त्याच्याकडे पाहावे, हे रॅमसे यांचे सूत्र सर्वांना पाठ असते. प्रत्यक्षात मात्र नाणे डाव्या हातात सोडल्याचे भासवल्यानंतर उजव्या हाताला विसरून जाणे, म्हणजे त्याच्याकडे चोरटा कटाक्षही न टाकणे, हे आरशासमोर साधत नाही, कारण आरशात आपण स्वतःलाच पाहत असतो. म्हणून मी आरसा बाजूला ठेवून मोबाइलवर चित्रण करतो आणि ते तपासताना हातांऐवजी केवळ डोळे पाहतो.

रॅमसे यांची दुसरी युक्ती अधिक धूर्त आहे. रिकामा हात ते मुद्दाम संशयास्पद रीतीने धरत, आणि जाणकार जादूगार तिथे नाणे आहे असे समजून अडकला की तोच हात सहज उघडून दाखवत. जितके ज्ञान अधिक तितकी फसगत मोठी! मात्र घरच्या किंवा सोसायटीतल्या प्रेक्षकांसमोर ही हूल गाळावी असे माझे मत झाले आहे. ज्याला पामिंग (वस्तू तळहातात लपवून धरणे) ठाऊकच नाही त्याच्या मनात आपणच कारण नसताना संशय पेरतो, आणि तो पुढच्या प्रत्येक हालचालीला चिकटून राहतो. जादूगारांच्या क्लबच्या बैठकीसाठी ती राखून ठेवली आहे.

सध्या शेवटच्या टप्प्यावर काम चालू आहे. नळकांडे चळतीवर ठेवताना चामडे कडेला अडकते, त्यामुळे किंचित सैल शिलाईचे दुसरे शिवून घेत आहे.