सर्व्हरवर की ब्राउझरमध्ये? तुम्ही विचारलंत म्हणून

कराराचं पीडीएफ सर्व्हरवर बनवायचं की ब्राउझरमध्ये? नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांना जॉबवर्कचे करार काढून देणारे विचारतात, पिंपळगाव-निफाडच्या द्राक्ष व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे विचारतात. उत्तर एका शब्दात हवं असतं, म्हणून देतो: सर्व्हरवर. त्यावर लगेच, "पण आमचं तर ब्राउझरमध्ये मस्त चाललंय." चालत असेलच. भांडण होईपर्यंत सगळंच मस्त चालतं.

जेएसपीडीएफ (ब्राउझरमध्ये पीडीएफ बनवणारी लायब्ररी) काय, पपेटियर (सर्व्हरवर क्रोम चालवून पीडीएफ काढणारं साधन) काय, हे तुम्हाला माहीत आहे. ते सोडून देतो. वेग आणि खर्चही बाजूला ठेवतो. आधी हे बघा.

द्राक्ष खरेदीचा करार आहे. थॉमसन जात, मण्याचा आकार, साखर, किलोचा दर, काढणीचा आठवडा आणि ‘माल उचलल्यापासून १५ दिवसांत पेमेंट’. टेम्पलेट, म्हणजे कराराचा साचा, ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्येच आहे. दुपारी मालक म्हणतो, यंदा २१ दिवस करा. तुम्ही बदल करून नवी आवृत्ती चढवता. ऑफिसातल्या एका मशीनवर मात्र टॅब सकाळपासून उघडा आहे आणि त्यात जुनंच टेम्पलेट आहे. संध्याकाळी त्या मशीनवरून करार क्रमांक ११४ निघतो आणि व्हॉट्सॲपवरून शेतकऱ्याला जातो. दुसऱ्या दिवशी हिशेबनीस फाइलला लावायला तोच करार आपल्या मशीनवर ‘डाउनलोड’ करतो. डाउनलोड कसलं, तो तिथे नव्याने बनतो. नाव तेच, दर तोच, वजन तेच, क्रमांकही तोच. एका कागदावर १५ दिवस, दुसऱ्यावर २१.

सोळाव्या दिवशी शेतकरी फोन उघडून दाखवतो, व्यापारी फाइल काढतो. दोघंही खरं बोलताहेत आणि दोघांनाही समोरचा लबाड वाटतो. मग तुम्हाला फोन येतो: खरा कुठला? तुमच्या लॉगमध्ये इतकंच आहे की अमुक वाजता क्रमांक ११४ ची माहिती मागवली गेली. तिच्यातून काय बनलं, कुठल्या टेम्पलेटवर बनलं, याची नोंद कुठेच नाही. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमधली तारीख दाखवाल, तर ती त्या मशीनच्या घड्याळाची, आणि घड्याळ कोणालाही मागेपुढे करता येतं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १०अ प्रमाणे करार निव्वळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला एवढ्यावरून तो निकामी ठरत नाही. खरं आहे. पण झाला तो कुठला, हे दाखवावं लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खाली जे प्रमाणपत्र द्यायचं, त्याच्या नमुन्यातच हॅश, म्हणजे फाइलच्या बाइट्सवरून निघणारा तिचा ठसा, लिहायची जागा आहे. तुम्ही कुठल्या फाइलचा हॅश लिहिणार?

"कॅशचा, म्हणजे ब्राउझरने धरून ठेवलेल्या जुन्या प्रतीचा घोळ होता, आवृत्ती तपासायचा कोड टाकला की झालं." टाका, टाकायलाच हवा. पण मुळात तुम्ही करार जपलाच नव्हता, करार बनवायची कृती जपली होती. तेच टेम्पलेट आणि तीच माहिती घेऊन पीडीएफ दोनदा काढा. आत तयार झाल्याची वेळ आणि फाइलचा आयडी सहसा वेगळा पडतो, म्हणजे एसएचए-२५६ पद्धतीचा हॅशही वेगळा. पावतीबुकात कार्बन घालून निघते ती प्रत. नंतर आठवून लिहिलेली दुसरी पावती कितीही जुळली तरी प्रत नव्हे.

पूर्वी मीच म्हणायचो की माहिती आणि टेम्पलेटची आवृत्ती जपली की पीडीएफ कधीही काढता येतं, साठवून डिस्क कशाला भरायची. ते मत पूर्ण सोडलेलं नाही. कोटेशन आणि प्रोफॉर्मासाठी आजही तेच सांगतो. करारात अडतं ते पानांवर. फॉन्ट किंवा क्रोम अपडेट झालं की ओळी वेगळ्या तुटतात आणि तिसऱ्या पानावरचं कलम चौथ्यावर जातं. प्रत्येक पानावर सही घेतलेली असेल, तर नव्या प्रतीचं तिथून पुढचं पान सहीच्या पानाशी जुळत नाही.

आता मराठी. युनिकोडमध्ये ‘निफाड’ साठवताना आधी न येतो, मग वेलांटी. वेलांटी न च्या आधी काढायची, ‘द्राक्ष’ मधली जोडाक्षरं जुळवायची, हे काम शेपिंग इंजिनचं. क्रोममध्ये हार्फबझ नावाचं असं इंजिन असतं. सर्व्हरवर एचटीएमएलचं पीडीएफ करणारं वीझीप्रिंट पँगो या लायब्ररीमार्फत तेच वापरतं. जेएसपीडीएफमध्ये नुसता मराठी फॉन्ट भरलात तर अक्षरं दिसतात, पण वेलांटी न च्या मागे पडते आणि द्राक्षाचा पाय मोडून हलन्त उघडा पडतो. मग लोक पळवाट काढतात: एचटीएमएलटूकॅनव्हास या लायब्ररीने पानाचा फोटो कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरच्या चित्रफलकावर, काढून पीडीएफमध्ये चिकटवायचा. वेलांटी जागेवर येते, पण मजकूर शोधता येत नाही, फाइल फुगते आणि पान संपतं तिथे ओळ आडवी कापली जाते. आयफोनच्या सफारीच्या अनेक आवृत्त्यांत कॅनव्हासला १,६७,७७,२१६ पिक्सेलची मर्यादा प्रसिद्ध आहे. ए-फोर पान ७९४ बाय ११२३ पिक्सेलचं धरून दुप्पट स्केल लावलंत तर एका पानाला सुमारे ३५.७ लाख पिक्सेल लागतात. त्याच कॅनव्हासवर पाचवं पान आलं की मर्यादा ओलांडते आणि कोरी फाइल हातात येते. ब्राउझरमध्येच करायचं असेल तर सरळ प्रिंटच्या खिडकीतून पीडीएफ काढा, शेपिंग तरी नीट होईल. मार्जिन आणि स्केल मात्र समोरच्याच्या हातात राहतात. ऑक्टोबर २०२४ पासून १०० च्या जागी ५०० चा स्टँप लागतो. त्यावर छापताना कोणी ‘फिट टू पेज’ ठेवलं आणि मजकूर वरच्या छापील भागावर चढला, तर तो कागद वाया.

सर्व्हर म्हणजे सुख, असं मात्र मी कधीच म्हटलेलं नाही. डेबियन लिनक्सच्या साध्या कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम ज्या बंदिस्त पेटीत चालतो त्यात) देवनागरी फॉन्ट नसतो. नोटो किंवा लोहित टाकला नाहीत तर सगळा करार चौकोनांचा निघतो. असे कंटेनर चालवणारा डॉकर /डेव्ह/एसएचएम या सामायिक मेमरीला डीफॉल्ट ६४ एमबी देतो, तेवढ्यात क्रोम मोठ्या पानाला कोसळू शकतो. ती जागा वाढवा, नाहीतर क्रोमला डिसेबल-डेव्ह-एसएचएम-यूसेज हा पर्याय लावा. प्रत्येक विनंतीला नवा क्रोम उघडू नका, रांग ठेवा. फॉन्ट लोड व्हायच्या आत पीडीएफ काढू नका. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर असलं तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतल्या करारावर आदल्या दिवसाची तारीख पडते. सीझनमध्ये गाड्या रात्रीच भरतात. १ एप्रिलच्या पहाटेचा करार ३१ मार्चचा झाला की आर्थिक वर्षच बदललं. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या १३ व्या आवृत्तीआधी आयसीयूचा (देशोदेशीच्या आकडे-तारखांच्या पद्धतींचा) पूर्ण डेटा सोबत येत नसे, त्यामुळे साडेबारा लाखांचे स्वल्पविराम अमेरिकन पद्धतीने पडत. जुन्या सर्व्हरवर आजही तपासा. आणि डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ हे पीडीएफ काढायचं जुनं साधन नव्या कामाला घेऊ नका, त्याची कोडची रेपॉझिटरी जानेवारी २०२३ मध्येच बंद झाली.

मी सुचवतो ते असं. प्रीव्ह्यू ब्राउझरमध्ये, त्याच एचटीएमएलवरून, ‘मसुदा’ असा आडवा शिक्का मारून. ‘अंतिम करा’ दाबलं की ब्राउझरने फक्त करार क्रमांक पाठवायचा. दर आणि मुदत सर्व्हरने डेटाबेसमधूनच घ्यायची, कारण डेव्हलपर टूल्स उघडून ८५ चे ५८ करायला दहावीतला पोरगाही पुरतो. पीडीएफ एकदाच बनवा, बाइट्स जशाच्या तशा साठवा, शेजारी हॅश, टेम्पलेटची आवृत्ती आणि वेळ. पुढे जो मागेल त्याला तीच फाइल. सह्यांच्या चौकटीला ब्रेक-इन्साइड: अव्हॉइड (चौकट दोन पानांत तुटू न देणारा सीएसएस नियम) लावा आणि शेवटचं कलम तिच्यासोबतच ठेवा. नुसत्या सह्यांचं सुटं पान कोणत्याही कराराच्या मागे लावता येतं. यूएसबी टोकनची डिजिटल सही असेल तर सही करणाऱ्याचं मशीन टाळता येत नाही, कारण सहीची किल्ली टोकनमधून बाहेर येत नाही. सर्व्हरने हॅश पाठवायचा, टोकनने सही करायची, सर्व्हरने ती पीडीएफमध्ये बसवायची. आधार ई-साइनमध्येही हॅशच जातो, करार जात नाही.

राहिला दिंडोरीकडचा बांध, जिथे रेंज नाही आणि गाडी उभी आहे. इथे ब्राउझरवाल्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. फोनला आधीच क्रमांकांचा एक गट देऊन ठेवा, माहिती फोनमध्ये साठवा, शेतकऱ्याला मसुदा द्या आणि रेंज आली की सर्व्हरवर अंतिम प्रत काढा, असं मी सांगतो. मध्येच ऑफिसात दर बदलला आणि सर्व्हरने तो करार नाकारला, तर माल गाडीत चढलेला असतो आणि शेतकऱ्याकडे शिक्क्याचा मसुदा असतो. तिथे मसुद्यातला दर धरावा असं मला वाटतं, तर ऑफिसवाले म्हणतात, मग सर्व्हर हवा कशाला?