२५ डिसेंबर कुठून आला? मला उत्तर २५ मार्चला सापडलं

२०१६ साली गुड फ्रायडे नेमका २५ मार्चला आला होता. आमच्या चर्चमध्ये आधीच्या रविवारी फादरांनी सांगितलं की २५ मार्चचा जो सण असतो, गॅब्रिएल देवदूताने मरियेला तिच्या पोटी येशू येणार असा निरोप दिला तो, तो यंदा ४ एप्रिलला होईल, कारण गुड फ्रायडेच्या दिवशी दुसरा कुठलाच सण करत नाहीत. मी वसईची, लहानपणापासून चर्चमध्ये वाढलेली, पण त्या दिवशी बाकावर बसून पहिल्यांदा बोटांवर मोजलं. एप्रिल, मे, जून करत डिसेंबरपर्यंत बरोब्बर नऊ महिने. २५ मार्चला निरोप आणि २५ डिसेंबरला जन्म, म्हणजे दोन तारखा एकमेकींना बांधलेल्या आहेत आणि हे इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

तेव्हापासून या तारखेचा नाद लागला तो लागलाच.

दर डिसेंबरला ऑफिसात कोणीतरी सांगतंच, अगं तुमचा नाताळ म्हणजे मुळात रोमन लोकांच्या सूर्यदेवाचा वाढदिवस, चर्चने तो उचलला आणि वर येशूचं नाव लावलं. प्रेमानेच सांगतात, मनात काही वाईट नसतं. पूर्वी मी मान डोलवायचे कारण मलाही तसंच वाटायचं. आता नाही डोलवत, बसवून घेते आणि सगळं सांगते, तेच इथे लिहितेय.

पहिली गोष्ट, बायबलमध्ये तारीख नाहीच. लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळ रात्री रानात कळप राखत होते एवढंच आहे, मत्तयमध्ये हेरोद राजा आणि पूर्वेकडचे ज्ञानी लोक आहेत, महिना दोघांनीही दिलेला नाही. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना जन्मदिवसाची फारशी पडलेलीच नव्हती. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ओरिजेन तर म्हणतो की बायबलमध्ये वाढदिवस साजरे करणारे सापडतात ते फारो आणि हेरोदासारखे लोक, संतांपैकी कोणी नाही. ते लोक पाळायचे तो हुतात्म्यांचा मृत्यूचा दिवस, आणि त्यालाच 'जन्मदिवस' म्हणायचे, स्वर्गातला जन्म म्हणून. आपल्याकडे तुकाराम बीज आणि ज्ञानेश्वरांची संजीवन समाधी ज्या भावनेने पाळतात तिच्या खूप जवळची गोष्ट आहे ही, मला तरी लगेच समजली.

तारखेचे अंदाज मात्र लोक बांधत होते. इ. स. २०० च्या आसपास अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती लेखक क्लेमेंट लिहितो की काही जण इजिप्शियन पाखोन महिन्याची २५ तारीख सांगतात, म्हणजे २० मे, आणि काही जण एप्रिलमधली. २५ डिसेंबर त्याच्या यादीत नाहीच.

मग ही तारीख पहिल्यांदा कुठे दिसते? रोममधल्या एका हस्तलिखितात, आणि ही माझी सगळ्यात आवडती जागा आहे म्हणून जरा थांबून सांगते. इ. स. ३५४ सालासाठी फिलोकालस नावाच्या अक्षरकाराने व्हॅलेंटिनस नावाच्या श्रीमंत ख्रिस्ती माणसाला एक पंचांगवजा पुस्तक करून दिलं. मूळ प्रत हरवली, पण नकलांच्या नकला उरल्या. त्यात हुतात्म्यांच्या स्मृतिदिनांची यादी आहे आणि तिची पहिलीच ओळ आहे, २५ डिसेंबर, यहुदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला. वर्ष तिथूनच सुरू होतं. शेजारी रोमच्या बिशपांच्या पुण्यतिथींची यादी आहे, तीही २५ डिसेंबरपासूनचंच वर्ष धरून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होऊन फिरून डिसेंबरपर्यंत येते. ३१ डिसेंबर ३३५ ला वारलेले सिल्व्हेस्टर त्यात आपल्या जागी आहेत पण ऑक्टोबर ३३६ मध्ये वारलेले मार्क मात्र क्रम सोडून शेवटी चिकटवलेत. म्हणजे यादी मार्क जिवंत असतानाच तयार झाली होती, ते गेल्यावर खाली ओळ वाढवली! यावरून अभ्यासक म्हणतात की रोममध्ये ३३६ पर्यंत तरी २५ डिसेंबर ठरलेला होता. एका चुकीच्या जागी पडलेल्या नावाने केवढी मोठी गोष्ट सांगितली.

आता सूर्यवाल्यांचा पुरावा. तो कुठे आहे माहितीये? त्याच पुस्तकात. त्यात रोमचं सरकारी कॅलेंडरही आहे आणि २५ डिसेंबरसमोर लिहिलंय 'अजिंक्याचा जन्मदिन', पुढे रथांच्या ३० शर्यती. अजिंक्य म्हणजे अजिंक्य सूर्य हे बहुतेक सगळ्यांना मान्य आहे, मलाही आहे. पण २५ डिसेंबरला सूर्याचा सण होता याचा सगळ्यात जुना पुरावा हाच. त्याच कॅलेंडरात सूर्याचा मोठा उत्सव ऑक्टोबरमध्ये आहे, २२ ऑक्टोबरला ३६ शर्यती. ऑरेलियन बादशहाने २७४ साली रोममध्ये सूर्याचं मोठं देऊळ बांधलं हे खरंच, पण त्याचा दिवस २५ डिसेंबर होता असं त्या काळातल्या कुठल्या लिखाणात नाही. आणि चर्चने सूर्याचा सण बघून आपली तारीख ठेवली असं सरळ म्हणणारी पहिली नोंद बाराव्या शतकातली आहे, सिरियाक या पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या भाषेतल्या एका हस्तलिखिताच्या समासातली.

सूर्याचा काहीच संबंध नाही असं मात्र मी म्हणणार नाही, तेही खोटं होईल. रोमन लोक २५ डिसेंबरला हिवाळ्यातला सगळ्यात लहान दिवस मानायचे, प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकात तसं लिहिलंय. प्रत्यक्षात चौथ्या शतकापर्यंत तो दिवस चारेक दिवस आधी सरकला होता पण लोकांच्या तोंडी जुनीच तारीख राहिली, जसं आपण उत्तरायण मकर संक्रांतीला म्हणजे १४ जानेवारीला धरतो आणि सूर्य मात्र २१-२२ डिसेंबरलाच वळलेला असतो. उजेड वाढायला लागतो त्या दिवशी प्रभूचा जन्म, हे ख्रिस्ती लोकांना मनापासून आवडलं. आणि पाचव्या शतकात पोप लिओ यांना आपल्या प्रवचनात ओरडावं लागलं होतं की संत पेत्राच्या चर्चच्या पायऱ्या चढून वर आल्यावर लोक मागे वळून उगवत्या सूर्याला वाकून नमस्कार करतात आणि मगच आत येतात. मला ती माणसं अगदी दिसतात हो, थंडीत पायऱ्यांवर उभी असलेली.

पण मला पटतो तो हिशोब मार्चचा. कार्थेजच्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने २०० च्या आसपासच लिहून ठेवलंय की येशूला क्रुसावर दिलं ती तारीख २५ मार्च. येशूला क्रुसावर दिलं तेव्हाच्या वल्हांडण या ज्यू सणाचा दिवस रोमन कॅलेंडरात बसवायचा प्रयत्न होता तो. मग लोकांनी धरलं की ज्या दिवशी गेला त्याच दिवशी मरियेच्या पोटी आला होता, म्हणजे आयुष्य पूर्ण वर्षांचं, मध्येच तुटलेलं नाही, असा त्यामागचा विचार असावा. संत ऑगस्टीन दोन्हींचा दिवस एकच हे स्पष्ट लिहितो आणि वर म्हणतो की ज्या उदरात आधी कोणी नव्हतं आणि ज्या थडग्यात आधी कोणाला ठेवलं नव्हतं त्या दोन्ही जागा एकमेकींशी जुळतात. तो दिवससुद्धा मोजतो, २७६. मंदिर बांधायला ४६ वर्षं लागली असं योहानच्या शुभवर्तमानात आहे, त्याला सहाने गुणलं की २७६. आज आपल्याला हे गणित कसंतरी वाटेल पण त्या माणसासाठी ती प्रार्थना होती असं मला वाटतं.

आणि हे पटायचं मोठं कारण पूर्वेकडे आहे. रोमच्या पूर्वेकडच्या प्रदेशात काही ख्रिस्ती लोक क्रुसाची तारीख ६ एप्रिल धरायचे. त्यात नऊ महिने मिळवा, ६ जानेवारी येतो. पूर्वेकडे जन्माचा सण ६ जानेवारीलाच होता आणि आर्मेनियन चर्च आजही तोच दिवस पाळतं! दोन वेगळ्या जागा, दोन वेगळ्या तारखा, आणि दोन्हीकडे मधलं अंतर नऊ महिन्यांचंच. सूर्यदेवाच्या गोष्टीने हे ६ जानेवारीचं कोडं मला तरी सुटत नाही. (रशियन चर्चचा ७ जानेवारी वेगळा बरं का, तो २५ डिसेंबरच आहे, जुन्या ज्युलियन कॅलेंडरातला, १३ दिवस मागे राहिलेला.)

एक उणीव या हिशोबातही आहे, ती लपवत नाही. मरण आणि गर्भधारणा एकाच तारखेला का धरली याचं कारण सुरुवातीच्या कुठल्याच लिखाणात सरळ दिलेलं नाही. तरी १८८९ मध्ये लुई द्युशेन या फ्रेंच धर्मगुरूने हा हिशोब मांडल्यापासून त्याच्या बाजूने बोलणारे अभ्यासक आहेतच.

शेवटी आपल्या शब्दाचं सांगते. नाताळ आला पोर्तुगीज 'नताल'वरून आणि तो लॅटिन 'नातालिस'वरून, जन्माचा. ३५४ च्या त्या सरकारी कॅलेंडरात 'अजिंक्याचा जन्मदिन' लिहिताना फिलोकालसने नातालिस हा शब्द पूर्ण लिहिलाच नाही, फक्त पहिलं अक्षर लिहिलंय, एन. ते वाचल्यावर मी एकदम थांबले कारण तो आमच्या घरातला शब्द आहे, आजी रोज सकाळी विचारायची, 'बाय, नाताळला किती दिस ऱ्हायले?'

आम्ही नाताळचा गोठा, येशूच्या जन्माचा देखावा, अजून भाताच्या पेंढ्याचाच करतो. मरिया, योसेफ, मेंढपाळ, गाय सगळे आधीपासून मांडलेले असतात, मधली बाळ येशूची जागा मात्र चर्चमधल्या मध्यरात्रीच्या उपासनेवरून, मिस्सेवरून, येईपर्यंत रिकामी. यंदा २५ मार्चला कामावर जायच्या आधी मी सकाळची मिस्सा धरली, उपवासकाळातला साधा दिवस, जेमतेम पंधरा-वीस माणसं होती, आणि तिथे बसल्या बसल्या मला त्या रिकाम्या पेंढ्याची आठवण आली.