"किती जणांशी बोललात?"

कॅनडातल्या वॉटर्लूला शिकायला आले तेव्हा इन्क्युबेटर, म्हणजे नव्या धंद्यांना उभं राहायला मदत करणारी जागा, म्हणजे चकाचक ऑफिस आणि पैसे देणारी माणसं, एवढंच मला माहीत होतं. इथल्या विद्यापीठाचं इन्क्युबेटर 'वेलॉसिटी' २००८ मध्ये सुरू झालं ते चक्क एका वसतिगृहात. धंद्याचं वेड असलेली मुलं एका छताखाली राहिली तर काहीतरी घडेल, ही कल्पना. आणि घडलंही. 'किक' हे मेसेजिंग ॲप तिथल्याच मुलाचं. पार्सलच्या लॉकरची 'बफरबॉक्स' विद्यार्थ्यांनी काढली आणि २०१२ मध्ये ती गुगलनं विकत घेतली.

आमचं यंत्र साधं होतं: हॉटेलातल्या फ्रिजचं तापमान मोबाइलवर दाखवणारा सेन्सर. वेलॉसिटीतल्या पहिल्याच बैठकीत मी लॅपटॉप उघडत होते, तेवढ्यात मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "किती हॉटेलवाल्यांशी बोललात?" आम्ही दोघं गप्प. बोललो होतो फक्त रूममेट्सशी. "वीस जणांना भेटून या. यंत्र दाखवू नका, त्यांचं ऐका."

जानेवारीतला बर्फ तुडवत आम्ही किंग स्ट्रीटवरची दुकानं पालथी घातली. तिसऱ्या ठिकाणच्या मालकीणबाई थेट आत घेऊन गेल्या. कोल्ड रूमच्या दाराला एक तक्ता लटकत होता, त्याला सुतळीनं पेन बांधलेलं. तारीख, वेळ, तापमान, सही. "याला मला दोन मिनिटं लागतात," त्या म्हणाल्या. "रात्री कॉम्प्रेसर बंद पडला की मेकॅनिक मिळत नाही, त्याचं काही करता येईल का?"

सहा आठवड्यांचं काम त्या सुतळीपुढे संपलं. घरी येऊन मी रडले. दुसऱ्या दिवशी मात्र उरलेल्या सतरा जणांना भेटायला निघालो.

धंद्याची कल्पना परीक्षकांपुढे मांडायच्या इथल्या पिच स्पर्धांचं कौतुक खूप होतं, पण मला विचाराल तर खरं शिक्षण त्या वीस भेटींत आहे. त्यामागे विद्यापीठाचे दोन नियमही आहेत. इथे तुम्ही शोधलेल्या गोष्टीची मालकी तुमचीच राहते, विद्यापीठ त्यावर हक्क सांगत नाही. आणि पदवीच्या मुलांना को-ऑपच्या, म्हणजे शिकता शिकता नोकरी करायच्या, चार महिन्यांत नोकरीऐवजी स्वतःचा धंदा उभा करता येतो, तेही अभ्यासक्रमात धरून. वर्ष वाया जाईल ही भीतीच गेली की मुलं वेगळाच विचार करायला लागतात. आपल्या कॉलेजांनी इथून काही घ्यायचंच असेल तर आधी हे घ्यावं, इमारत नंतर.

सेन्सर आम्ही बंद केला. रविवारी इचलकरंजीला फोन लावून बाबांना सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "हार्डवेअरचं दुकान टाकायच्या आधी मी महिनाभर दुसऱ्याच्या गल्ल्याशेजारी उभा होतो. गिऱ्हाईक काय मागतं आणि काय न घेता परत जातं, ते वहीत लिहायचो."

ती वही अजून माळ्यावर आहे म्हणे. फोटो पाठवायला सांगितलंय.