जर्मनीतल्या घरासाठी कॉफीचे यंत्र निवडताना

भारतातून म्युनिकला नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाचे बस्तान बसू लागले, घराचा करार, विमा आणि मुलांची शाळा हे विषय मार्गी लागले, की एक प्रश्न हमखास येतो: कॉफीचे यंत्र कोणते घ्यावे? पुण्या-नाशिकचे नातेवाईकही आमच्या भारतभेटीच्या आधी हेच विचारतात, कारण चिकमगळूर आणि कूर्गच्या ताज्या भाजलेल्या बिया आता तिकडच्या अनेक घरांत पोहोचू लागल्या आहेत. दुकानात उभे राहिले की दाब किती बार, पेयांचे प्रकार किती, पडदा स्पर्शाचा आहे की नाही, अशी माहिती समोर येते. पण ते यंत्र रोज वापरले जाईल की चार महिन्यांनी नुसतेच ओट्यावरची जागा अडवून बसेल, हे त्या माहितीवरून कळत नाही. ते घरातली सकाळ पाहून ठरते. किती माणसे कॉफी पितात, एकदम पितात की पुढे-मागे, दुधाची पितात की कोरी, आणि प्यायल्यानंतर यंत्र धुणार कोण, एवढ्या चार गोष्टी मी आधी विचारते आणि मगच काही सुचवते.

जर्मनीतली मूळची घरगुती कॉफी म्हणजे कागदातून गाळलेली कॉफी. १९०८ साली ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने पितळी भांड्याला खिळ्याने भोके पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद त्यात बसवला आणि कपात गाळ न येणारी कॉफी करून दाखवली. त्याच वर्षी बर्लिनच्या पेटंट कार्यालयात तिने आपल्या गाळणीची नोंद करून घेतली. पुढे १९५४ मध्ये गॉटलोब विडमन यांचे विगोमाट हे विजेवर चालणारे यंत्र आले, आणि तिथून पाण्याची टाकी, कागदाची गाळणी आणि खाली काचेचे भांडे ही रचना इथल्या स्वयंपाकघरात स्थिरावली. रविवारी दुपारी केकबरोबर तास-दोन तास कॉफी पीत बसण्याची इथली जी रीत आहे, तिला हे यंत्र अगदी साजेसे आहे: एक लिटर पाण्याला साधारण साठ ग्रॅम पूड घातली की आठ जणांची सोय एका वेळी होते आणि नंतर धुवायला भांडे सोडून फारसे काही उरत नाही, भिजलेली पूड कागदासकट ओल्या कचऱ्याच्या डब्यात जाते. हे यंत्र घ्यायचेच असेल, तर काचेऐवजी थर्मासचे भांडे असलेले घ्यावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तापलेल्या तबकडीवर ठेवलेली कॉफी अर्ध्या तासात कडवट होते. शिवाय युरोपीय संघाच्या नियमानुसार २०१५ पासून विकली जाणारी अशी यंत्रे आपोआप बंद होतात: थर्मासवाली पाच मिनिटांत आणि तबकडीवाली फार तर चाळीस मिनिटांत. त्यामुळे तबकडीच्या भरवशावर कॉफी तासभर गरम राहील, ही अपेक्षाही ठेवता येत नाही.

आपल्या घरांची खरी अडचण दुधाची आहे. आपल्याकडे कॉफी म्हणजे बहुतेक वेळा दुधातली, साखर घातलेली, पाहुण्यांसाठी वरून जायफळ किसलेली कॉफी. गाळलेल्या जर्मन कॉफीत कॉफीचा विरघळलेला अंश जेमतेम सव्वा टक्का असतो, तर एस्प्रेसोमध्ये, म्हणजे दाबाने काढलेल्या दाट कॉफीत, तो आठ ते बारा टक्क्यांपर्यंत जातो. पातळ कॉफीत निम्मे दूध ओतले की ती ना कॉफी लागते ना दूध, आणि मग दोष यंत्राला दिला जातो. दक्षिण भारतीय फिल्टरमध्ये आधी दाट अर्क उतरवून मग त्यात उकळते दूध घालतात, त्यामागे हेच कारण आहे. ज्या घरात दुधाचीच कॉफी होते, त्या घराने दाट अर्क देणारे साधन निवडावे, मग ते तीस युरोंचे असो की आठशे युरोंचे.

तीस युरोंच्या साधनाविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण माझ्या मते बहुतेक मराठी घरांना तेच पुरेसे आहे. इटलीच्या पिएमाँत भागातल्या अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून १९३३ साली बाहेर पडलेले मोका हे भांडे आजही जवळजवळ त्याच आकारात मिळते. खालच्या कप्प्यात आतल्या बाजूने दिसणाऱ्या सुरक्षा-झडपेच्या खालपर्यंत पाणी भरायचे. पाणी आधीच तापवून घेतले तर पूड चटका लागल्यासारखी कडू होत नाही. मधल्या गाळणीत मध्यम-बारीक दळलेली पूड काठोकाठ भरून वरून बोटाने सारखी करायची, मात्र दाबायची नाही, कारण इथे वाफेचा दाब एक-दोन बारच असतो आणि दाबलेल्या पुडीतून तो पाण्याला वर ढकलू शकत नाही. भांडे घट्ट आवळून मंद आचेवर ठेवायचे आणि झाकण उघडे ठेवून पाहत राहायचे: आधी गडद तपकिरी, मधासारखी संथ धार येते, मग तिचा रंग फिका होऊ लागतो, आणि फसफस सुरू होण्याच्या बेतात आले की भांडे लगेच खाली घ्यायचे. एवढे एक पथ्य पाळले, तर ती कॉफी शेजारच्या पातेल्यात तापवलेल्या दुधात अशी मिसळते की भारतातून आलेले वडीलधारेही दुसरा कप मागतात.

मोका घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली शेगडी. मूळचे ॲल्युमिनियमचे भांडे गॅसवर आणि काचेच्या साध्या विजेच्या शेगडीवर चालते, पण इंडक्शनवर चालत नाही. तिथे स्टीलचे घ्यावे लागते, आणि तेही बूड फार लहान असेल तर काही शेगड्या ओळखत नाहीत. दुसरी गोष्ट मापाची. हे भांडे अर्धे भरून चांगली कॉफी होत नाही, म्हणून घरात रोज जेवढी लागते त्याच मापाचे घ्यावे. खोक्यावरचे तीन कप म्हणजे इटालियन लहान कप असतात. त्यातून दुधाच्या कॉफीचे दोनच मग होतात.

ज्या घरात दोघेही नोकरी करतात, एक जण साडेसहाला निघतो, दुसरा साडेआठला, आणि दिवसभरात एकूण पाच-सहा कप होतात, त्या घरासाठी बिया दळण्यापासून कपात कॉफी पडेपर्यंत सगळे स्वतः करणारे पूर्ण स्वयंचलित यंत्र योग्य आहे. जर्मनीत ते फार लोकप्रिय आहे. १९६४ साली स्थापन झालेली श्टिफ्टुंग वारेनटेस्ट ही ग्राहकांसाठी वस्तूंची चाचणी करणारी संस्था अशा यंत्रांचे निकाल नेमाने छापते, आणि खरेदीपूर्वी ते जरूर वाचावेत. मात्र दुकानात एक गोष्ट स्वतःच्या हाताने करून पाहावी: बाजूचे दार उघडून कॉफी दाबणारा आतला भाग बाहेर निघतो का, आणि परत सहज बसतो का, हे तपासावे. हा भाग आठवड्यातून एकदा नळाखाली धुवावा लागतो, कारण त्याच्या खाचांत ओली पूड साचते. दूध ओढणारी नळी तर दर वापरानंतर पाण्याने आणि वरचेवर सफाईच्या द्रावणाने धुतलीच पाहिजे. हे रोजचे काम नको असेल, तर साधी वाफेची नळी असलेले किंवा दुधाची सोयच नसलेले यंत्र घेऊन दूध गॅसवर तापवणे अधिक आरोग्याचे आहे. तीन-चार आठवड्यांसाठी भारतात जाताना वापरलेल्या पुडीचा डबा, पाण्याची टाकी आणि खालचा ट्रे रिकामे करून, कोरडे करून, उघडे ठेवून जावे, नाहीतर परतल्यावर आत हिरवी बुरशी असते. दळण्याचा आवाज हाही विचार करण्याचा भाग आहे: जर्मन इमारतींत साधारणपणे रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळतात, आणि पहाटेच्या पाळीवर जाणाऱ्याने शेजाऱ्याच्या भिंतीला लावून हे यंत्र ठेवू नये.

हाताने पूड भरून, दाबून एस्प्रेसो काढण्याचे यंत्र हा छंद आहे आणि फार सुंदर छंद आहे. पण त्यासाठी चांगले दळणयंत्र वेगळे घ्यावे लागते आणि सकाळची दहा-पंधरा मिनिटे मोकळी असावी लागतात. ती नसतील, तर तूर्त थांबावे.

कॅप्सूलच्या, म्हणजे एका कपापुरती पूड बंद असलेल्या छोट्या डबीच्या, यंत्राची किंमत कमी असते, पण खरा खर्च पुढे असतो. एका कॅप्सूलमध्ये साधारण पाच ग्रॅम पूड असते. ती पंचेचाळीस सेंटला पडली, तर कॉफीचा भाव किलोला नव्वद युरो होतो. दोघांनी रोज दोन-दोन कप प्यायले, तर वर्षाला साडेसहाशे युरोंच्या आसपास जातात. वीस युरो किलोच्या बियांत, प्रत्येक किलोवरचा २.१९ युरोंचा जर्मन कॉफीकर धरूनसुद्धा, हेच काम अडीचशेच्या आत होते. त्यात कचरा वेगळाच. हॅम्बुर्ग शहराने २०१६ मध्ये सरकारी कार्यालयांसाठी कॅप्सूल विकत घेणे थांबवले, ते याच कारणाने. एकटे राहणारे, सतत प्रवासात असणारे आणि आठवड्याला दोन-तीनच कप पिणारे यांना उघडे पाकीट शिळे होण्यापेक्षा कॅप्सूल परवडेल. कुटुंबाला मी ती सुचवत नाही.

कोणतेही विजेचे यंत्र घेतले, तरी पाण्याकडे दुर्लक्ष करू नये. म्युनिकचे पाणी आल्प्सच्या पायथ्याच्या मांगफाल खोऱ्यातून येते, पिण्यास उत्तम आहे, पण क्षारांमुळे जड आहे. किटलीच्या तळाशी काही दिवसांत पांढरा थर दिसतो, आणि तोच थर यंत्राच्या आतल्या नळ्यांत बसतो. नव्या यंत्राबरोबर येणाऱ्या पट्टीने पाण्याचा जडपणा मोजून तो आकडा यंत्रात भरावा, म्हणजे सफाईची सूचना योग्य वेळी मिळते. क्षार काढायला घरातला व्हिनेगर वापरू नये, त्याने रबरी कड्या खराब होतात. सायट्रिक ॲसिडही गरम होणाऱ्या यंत्रात घालू नये, कारण उष्णतेने त्याचे न विरघळणारे कॅल्शियम सायट्रेट बनून नळी बुजू शकते. लॅक्टिक किंवा अमिडोसल्फोनिक ॲसिडचे तयार द्रावण थोडे महाग असले तरी तेच घ्यावे. पुण्या-मुंबईकडे ज्यांच्या इमारतीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी येते, त्यांनाही हे तितकेच लागू आहे.

आता नातेवाईकांच्या प्रश्नाविषयी: इथले यंत्र भारतात नेले तर चालेल का? जर्मनीतला वीजदाब भारतासारखाच २३० व्होल्ट आहे, त्यामुळे यंत्र चालेल. पण गोल जाड प्लग आपल्या भिंतीत बसत नाही, आणि १,४०० वॉटच्या आसपासची यंत्रे साध्या लहान प्लगच्या जागी न जोडता गीझरसाठी असतो तशा मोठ्या पॉवर सॉकेटवरच जोडावीत. त्याहून मोठा प्रश्न दुरुस्तीचा आहे. इथे दुकानदार दोन वर्षे कायद्याने बांधलेला असतो, पण नाशिकला बिघडलेल्या यंत्राचा सुटा भाग मिळवण्यासाठी त्या कायद्याचा उपयोग नाही. ज्या कंपनीचे सेवाकेंद्र तुमच्या शहरात आहे, तिचेच यंत्र तिकडेच घ्यावे. आमच्याकडून काही मागवायचेच असेल, तर गॅसच्या शेगडीवर चालणारा मोका मागवा आणि त्याच मापाच्या रबरी कड्यांचे एक जास्तीचे पाकीटही सांगा. ती कडी वर्षा-दोन वर्षांनी कडक होऊन वाफ सोडू लागते, बदलायला मिनिटही लागत नाही, आणि तेवढी एक वस्तू जवळ असली की भांडे वर्षानुवर्षे चालते.