तुम्ही विचारलेत म्हणून: एमिलिया तेव्हाच का बोलली नाही?

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकात इयागो हा ध्वजाधिकारी आपला सेनापती ऑथेल्लो याच्या मनात त्याच्या बायकोविषयी, डेस्डेमोनाविषयी, संशय पेरतो, तिचा हरवलेला रुमाल पुरावा म्हणून वापरतो, आणि शेवटी ऑथेल्लो तिला ठार मारतो. एमिलिया ही इयागोची बायको आणि डेस्डेमोनाची सोबतीण. हे नाटक मी बावीस वर्षे शिकवले. या काळात वर्गात, निवृत्तीनंतर वाचनगटात आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीतही मला एकच प्रश्न विचारला गेला आहे. रुमाल आपणच उचलून नवऱ्याला दिला हे एमिलियाला ठाऊक होते, मग डेस्डेमोना विचारते तेव्हा ती ‘ठाऊक नाही, बाईसाहेब’ असे का म्हणते? एवढे एक वाक्य ती खरे बोलली असती तर डेस्डेमोना वाचली असती, असे विचारणारे वर ऐकवतात आणि जणू रुमाल मीच दिला होता अशा नजरेने माझ्याकडे पाहतात. अलीकडे या प्रश्नाला शेपूटही फुटले आहे: ‘तुम्ही तिची इतकी बाजू का घेता?’

बाजू घेते, हे खरे आहे. रुमाल एमिलियाने चोरलेला नाही. ऑथेल्लोचे डोके दुखते म्हणून डेस्डेमोना तो त्याच्या कपाळाला बांधू पाहते, ‘तुझा रुमाल फार लहान आहे’ असे म्हणून तो तिला थांबवतो आणि त्या गडबडीत रुमाल खाली पडतो. ज्या रुमालापायी पुढे बायकोचा जीव घेतला, तो आपल्याच डोळ्यांसमोर पडला होता हे त्याला शेवटपर्यंत आठवत नाही. याबद्दल मात्र मला आजवर कोणी प्रश्न विचारलेला नाही. शेक्सपिअरने हे कथानक चिंथिओच्या १५६५ साली छापलेल्या इटालियन कथेवरून घेतले. त्या कथेत ध्वजाधिकारी, म्हणजे शेक्सपिअरचा इयागो, स्वतःच रुमाल चोरतो, आणि तोही त्याच्या तीन वर्षांच्या मुलीला डेस्डेमोनाने लाडाने जवळ घेतलेले असताना. तिथे बायकोला नवऱ्याचा सगळा बेत ठाऊक असतो आणि ती धाकाने गप्प राहते. शेक्सपिअरने ही मांडणी उलटी केली. रुमाल बायकोच्या हातून देववला आणि बेत मात्र तिच्यापासून लपवून ठेवला, म्हणजे तिला अर्ध्या अपराधाची धनीण केले. अर्धा अपराध कबूल करणे किती अवघड असते, हे प्रश्न विचारणाऱ्यांनी एकदा आपापल्या घरात तपासून पाहावे.

हे सगळे मी वर्गात तावातावाने सांगत असे. मात्र माझ्याच जुन्या प्रतीत तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशाच्या समासात, माझ्याच अक्षरात आणि लाल शाईत, ‘निव्वळ भ्याडपणा’ असा शेरा आहे. तो मी नोकरीच्या पहिल्या वर्षी लिहिला होता, आणि तो चुकीचा होता असे आज छातीठोकपणे म्हणता येत नाही. रुमाल देताना एमिलियाच इयागोला सांगते की विशेष कारण नसेल तर तो परत द्या, नाहीसा झाल्याचे कळले तर बिचारी वेडी होईल. म्हणजे त्या रुमालाचे मोल तिला ठाऊक होते. पुढच्याच प्रवेशात ऑथेल्लो ‘रुमाल! रुमाल!’ असे ओरडत असतो तेव्हा ती तिथेच उभी असते, आणि तरीही ती बोलत नाही. लाल शाईत लिहिणारी ती चोवीस वर्षांची मुलगी आज समोर आली तर मी तिच्याशी वाद घालीन, परंतु जिंकेनच असे नाही.

त्यानंतर काही वर्षांनी आमच्या घरात जे घडले ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. १९९४ च्या उन्हाळ्यात एका दुपारी इस्त्रीवाल्याकडून कपड्यांचा गठ्ठा आला. मी घड्या वेगळ्या करीत असताना धाकट्या जावेच्या साडीतून बँकेचे पासबुक खाली पडले. ते तसेच परत ठेवता आले असते, पण मी उघडले. कधी ऐंशी, कधी एकशेवीस, कधी दीडशे अशा लहान लहान रकमा दोन वर्षे नेमाने भरलेल्या होत्या आणि शिल्लक ४,३६० रुपये होती. त्या वेळी माझा सगळा पगार सासूबाईंच्या हातात जात असे आणि बसभाड्यालाही मला मागून घ्यावे लागे. त्या क्षणी मला जे वाटले त्याला मत्सराखेरीज दुसरा शब्द नाही. तेवढ्यात माझा नवरा खोलीत आला आणि मी म्हणाले, ‘हिचं बँकेत खातं आहे, ठाऊक होतं का तुम्हाला?’ त्याने हात पुढे केला आणि मी पासबुक दिले. एमिलियाने निदान ‘कशाला हवा?’ असे विचारले होते. मी तेही विचारले नाही.

संध्याकाळी मेथी निवडताना जावेने हळूच विचारले, ‘ताई, इस्त्रीच्या कपड्यांत एक छोटं पुस्तक आलं होतं का हो?’ मी मेथीच्या जुडीवरची नजर न काढता म्हणाले, ‘नाही गं, मला तरी दिसलं नाही.’ त्या वेळी पासबुक आमच्या खोलीतल्या टेबलावर होते, आणि ‘आणते’ म्हणून मला उठता आले असते. पण ते उघडले का, दाखवले का, या पुढच्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हते. रात्री नवऱ्याने ते भावाला दिले. त्याच्या मनात वाईट काही नव्हते, असे तो पुढे सांगत असे आणि ते मला खरे वाटते. दीर मुळातच संशयी होता. हे पैसे कोण देतो, असे तो विचारू लागला, कोपऱ्यावरच्या एका दुकानदाराचे नाव त्याने घेतले, आणि भिंतीपलीकडून आवाज येत राहिले. खरे एवढेच होते की घर दुपारी निजले की ती शेजारणींच्या साड्यांना फॉल लावून देत असे आणि त्या पैशांतून धाकट्या भावाची फी भरणार होती. दुसऱ्या दिवशी तिला माहेरी पाठवण्यात आले. तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा तिचे शिलाई मशीन विकले गेले होते.

त्या आठवड्यात मी वर्गात काय शिकवत होते ते आठवत नाही. ‘ऑथेल्लो’ नव्हते एवढे नक्की. असते तर ही हकीकत फारच सोयीची झाली असती.

त्यानंतर मात्र एमिलियाचे एक वाक्य मला फळ्यावर लिहिता आले नाही. मत्सरी माणसाला कारण लागत नाही, मत्सर हा आपल्याच पोटी जन्म घेणारा राक्षस आहे, अशा अर्थाचे ते वाक्य वर्षानुवर्षे मुलांकडून पाठ करून घेतले जात होते, कारण परीक्षेत ते हमखास येई. ते केवढे शहाणपणाचे आहे हे मी रंगवून सांगत असे. ती ते केव्हा बोलते, याकडे माझे लक्षच गेले नव्हते. ‘ठाऊक नाही’ म्हटल्यानंतर, त्याच प्रवेशात, डेस्डेमोनाची समजूत घालताना ती हे बोलते. मत्सराला कारण लागतच नसेल, तर रुमाल हेही कारण ठरत नाही, आणि मग रुमाल देणारीही सुटते. मीही स्वतःला हेच सांगत होते की दीर संशयीच होता, पासबुक नसते तर दुसरे काही निघाले असते. हे खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते मला इतकी वर्षे पुरले.

तर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर. ती घाबरली होती, नवऱ्याला खूष करू पाहत होती, पुढचे तिला दिसत नव्हते, ही तिन्ही उत्तरे मी देत आले आहे आणि तिन्हींना संहितेत आधार आहे. पण शेवटच्या अंकात, तुझ्या नवऱ्याला सगळे ठाऊक होते असे ऑथेल्लो सांगतो तेव्हा ती ‘माझा नवरा?’ एवढेच पुन्हा पुन्हा म्हणते. तो तिचा धक्का आहे असे मी शिकवले. आता वाटते की तिथे ती वेळ काढत असावी, मेथी निवडताना मी काढली तशी; उद्या पुन्हा वाचले तर कदाचित तो धक्काच वाटेल. त्यानंतर मात्र ती बोलते. नवऱ्याचे ऐकणे योग्य आहे, पण आता नाही, असे भरल्या खोलीत सांगून ती रुमालाची गोष्ट उघड करते आणि त्याच्याच हातून मरते.

माहेरून आल्यावर जावेने मला पुन्हा एकदा विचारले होते, ‘ताई, ते ह्यांच्या हातात गेलं कसं?’ एमिलियाला दुसऱ्यांदा कोणी विचारले नाही. मला विचारले गेले, आणि मी दुसऱ्यांदाही ‘मला काय ठाऊक’ असेच म्हणाले. आम्ही दोघी आजही एकाच घरात, वरच्या-खालच्या मजल्यावर राहतो. माझ्या साड्यांना फॉल तीच लावून देते, आणि पैसे घेत नाही.