ताश्कंद कुठे आहे, ते बाईंनी दाखवलं

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे बाईच उभ्या राहिल्या. कुठल्या बाई, हे आपल्या शाळेत कुणाला सांगावं लागत नाही.

११ जानेवारी १९६६, मंगळवार. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री रात्री ताश्कंदला हृदयविकाराने गेल्याचं सकाळी रेडिओवर ऐकलं होतं. प्रार्थनेनंतर हेडसरांनी सुट्टी जाहीर केली आणि मागच्या रांगेतल्या एका मुलाच्या तोंडून आनंदाने 'हेऽऽ' निघून गेलं. सगळं पटांगण गार! बाई त्याला काहीच बोलल्या नाहीत. "सातवी ब, आधी वर्गात चला. मग घरी," एवढंच म्हणाल्या.

वर्गात त्यांनी आशियाचा तो कडा विरलेला कापडी नकाशा खिळ्याला अडकवला. छडीचं टोक दिल्लीवर ठेवलं आणि काश्मीर, हिंदुकुश ओलांडत सोव्हिएत उझबेकिस्तानातल्या ताश्कंदवर नेलं. दुसऱ्या हातात त्या दिवशीचा पेपर. तो रात्रीच छापलेला, त्यामुळे त्यात ६५च्या युद्धानंतर आदल्या दिवशी ताश्कंदला झालेल्या भारत-पाकिस्तान कराराची बातमी होती, निधनाची नव्हती. दोन्ही सैन्यांनी ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी परतायचं, हे त्यांनी समजावलं. म्हणजे आपल्या जवानांनी जिंकलेली हाजीपीर खिंडही सोडायची! आम्ही पोरं चिडलो. बाईंनी चिडू दिलं. मग म्हणाल्या, "लढायचा हुकूमही त्यांनीच दिला होता रे, आणि सहीही त्यांनीच केली. दोन्हीला छाती लागते." बोलताना छडी ताश्कंदवरून हलली नव्हती. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणही तिथेच आहेत, हे कळल्यावर आम्हाला का कोण जाणे, जरा धीर आला.

धान्यटंचाईत शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ जेवण सोडायला सांगितलं, तेव्हापासून बाई सोमवारी रात्री जेवत नसत. आदल्या दिवशी सोमवारच होता. तो नेम त्यांनी अखेरपर्यंत पाळला.

मी पुढे भूगोलच शिकवला, निवृत्तही झालो. परवा शाळेत आलो तर वर्गावर्गांत मोठे पडदे लागलेले, चांगलंच आहे. पण नकाशांची खोली मोडून तिथे अडगळ भरलेली पाहून फार वाईट वाटलं. आता वाईट बातमी मुलांना आधी फोनवर कळते. ती समजावून सांगायला त्यांना थांबवून कोण घेतं?

सातवीत इतिहास-भूगोलात पहिल्या येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला बाईंच्या नावाने दरवर्षी बक्षीस द्यावं, अशी माझी इच्छा आहे. रक्कम मी देईन. बक्षीस मात्र भिंतीवर लावायच्या मोठ्या नकाशाचंच असावं, एवढी संचालक मंडळाला विनंती.