गोल जॉब

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहा म्हणून बाईंचा फोन आला, तेव्हा मी गाडीत होतो. ‘डॉक्टर व्हायला शाळेचा काय उपयोग झाला ते लिहा’ म्हणाल्या. खरं सांगू? जीवशास्त्र मी बारावीत रट्टा मारून काढलं. शाळेतलं जे उपयोगी पडलं, ते मागच्या पत्र्याच्या शेडमधलं, तांत्रिकच्या तासाचं.

मी १०८ रुग्णवाहिकेवर डॉक्टर आहे. राज्यात ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून. माझा भाग पेठ, हरसूलकडचा. तिकडून रेफर झालेला पेशंट सावळघाटातून नाशिकला आणायचा.

एका पावसाळ्यात मण्यार चावलेला सातवीतला मुलगा होता. मण्यारीच्या विषानं स्नायू लुळे पडतात, श्वासाचेसुद्धा. दर तीन सेकंदांनी अंबू बॅग, म्हणजे तोंडावाटे हवा देणारा फुगा, दाबायची, म्हणजे माझे दोन्ही हात अडकलेले. गाडीत सलाईनसाठी छताला हूक असतो, तोवर ठीक. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर उतरतं आणि हूक गाडीतच राहतो. पायलट, म्हणजे आमचा ड्रायव्हर, स्ट्रेचर ओढतोय, मी बॅग दाबतोय. मग बाटली धरायची कोणी? आईनं. बाई बुटकी, रात्रभर जागलेली. रॅम्प झाला, लांबलचक व्हरांडा झाला. लिफ्टपाशी तिचा हात खाली आला आणि नळीत लाल रेघ वर सरकायला लागली. बाटली शिरेपेक्षा पुरेशी उंच असेल तरच सलाईन आत जातं, नाहीतर रक्त उलटं नळीत येतं. ‘रगत येतंय वो!’ म्हणत तिनं बाटली दोन्ही हातांनी डोक्यावर धरली.

पोरगं वाचलं, चौथ्या दिवशी व्हेंटिलेटरवरून निघालं. त्या रविवारी मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत गेलो.

आठवी ते दहावी शेजारच्या व्हाइसवर कानस घासणारा माझा मित्र तिथे फॅब्रिकेशन करतो. स्ट्रेचरच्या दांड्याला कुठेही बसेल असा उभा रॉड, वर सलाईनचा हूक, मध्ये मॉनिटरला फळी, एवढंच मला हवं होतं. एका दुपारचं काम वाटलं. गेले सात महिने. स्ट्रेचर सगळे सारखे नसतात, कुठे पाइप २५ मिलिमीटरचा, कुठे ३२ चा. दोन सपाट पट्ट्यांत धरलेला गोल पाइप फिरतो. घाट लागला की आमचा रॉड मॉनिटरसकट हळूहळू पेशंटच्या पाया पडायचा.

तिसरा नमुना भंगारात टाकताना मित्रानं एकदम सरांचा आवाज काढला, ‘‘गोल जॉब कशावर ठेवायचा रे?’’ आणि दोघंही ओरडलो, ‘‘व्ही-ब्लॉक, सर!’’ जॉब म्हणजे घडवायचा तुकडा, आमच्या काळच्या मुलांना आठवेल. उत्तर चुकलं की तोच बिडाचा ठोकळा हात लांब करून धरायची शिक्षा असे. मी तो पुष्कळदा धरलाय.

इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खाचेत पाइप दोन रेघांवर टेकतो, तिसऱ्या बाजूनं स्क्रू आवळायचा. पाइप जाड असो की बारीक, तीन ठिकाणी धरला की हलायचं नाव नाही. स्क्रू आवळायचा पंखवाला विंग नट धक्क्यांनी सैल पडायचा, त्याच्या जागी मोठी मूठ आणि खाली स्प्रिंग वॉशर टाकला. झालं असं वाटलं, तर कॅज्युअल्टीच्या सिस्टर म्हणाल्या, ‘‘या कोपऱ्यात रक्त वाळलं तर पुसू कशानं? तुमच्या टूथब्रशनं?’’ मग वेल्डिंगचे सगळे कोपरे घासून गोल केले. ही सुधारणा त्यांची, आमची नाही.

पुढे एका रुग्णालयात चार चाकांचा सलाईन स्टँड लिफ्टच्या फटीत अडकून उलथला. तिथल्यांनी आम्हालाच विचारलं. मित्रानं कागदावर वर्तुळ काढलं. मधल्या दांड्यापासून चाक जितकं लांब, त्याच्या ७१ टक्के अंतरावर चार चाकांच्या स्टँडची कलंडायची कड येते, पाच चाकांत ती ८१ टक्क्यांवर जाते, म्हणजे स्टँड सहज उलथत नाही. कोसाइन ४५ आणि कोसाइन ३६. भूमितीच्या बाईंना हे कळवायला हवं. त्यांनी मला एकदा वर्गाबाहेर काढताना ‘हे तुला कधी लागणार नाही’ म्हटलं होतं.

आमच्या रॉडला गाडीवर सगळे ‘तिसरा गडी’ म्हणतात.

एक विनंती. शेड पाडून तिथे संगणक कक्ष होतोय असं ऐकलं. वर्कशॉपचं सामान भंगारात निघणार असेल, तर खिडकीजवळच्या टेबलावरचा, एक कोपरा उडालेला व्ही-ब्लॉक बाजूला ठेवावा. तो कोपरा माझ्याच हातून पडून उडाला, हे आज पहिल्यांदा सांगतोय. किलोचा जो भाव असेल तो देऊन मी घेऊन जाईन.